बिलात नसलेला रकाना

रविवारी सकाळी सव्वासातला बेल वाजली. आई देवघरापाशी बसून होती, पण दिवा लावायचा राहिला होता. पाणी प्यायलं तर चालेल असा मेसेज आला होता, तरी आदल्या रात्री नऊनंतर तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. दारात पंचविशीचा एक मुलगा उभा होता, खांद्याला निळी बर्फाची पेटी, गळ्यात ओळखपत्र. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत त्या सकाळची त्याची ही तिसरी बेल.

"आजी, मूठ घट्ट करा."

दंडाला रबराचा पट्टा, सुई, आणि एकामागून एक तीन नळ्या भरल्या. पिवळ्या टोपणाची, जांभळ्या टोपणाची आणि करड्या टोपणाची. पिवळीत हार्मोन वगैरे, जांभळीत सीबीसी, करडीत साखर. त्याने नळ्या हलक्या हाताने पाच-सहा वेळा उलट्यासुलट्या केल्या, बारकोड चिकटवले, मोबाइलवर फोटो काढला. १,७९९ रुपये यूपीआयने घेतले. "आता चहा घ्या आजी," म्हणाला आणि जिन्याने खाली पळाला. पेटी दहाच्या आत सेंटरला पोचवायची होती.

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकलेलं ते पॅकेज होतं. ६४ तपासण्या, मूळ दर ४,५००, ज्येष्ठांना ६० टक्के सूट. रात्री रिपोर्ट आला, १४ पानांचा. अकराव्या पानावर एक ओळ ठळक अक्षरांत होती. टीएसएच ५.९, शेजारी प्रयोगशाळेची सीमा ०.४ ते ४.२, आणि त्यापुढे लाल रंगात 'हाय'.

आईचं वय तेव्हा ७१. तक्रार म्हणाल तर थकवा. तो स्टेशनचा पूल चढणाऱ्या तिच्या वयाच्या कुणालाही असतो. जवळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ५० मायक्रोग्रॅमची थायरॉइडची गोळी सुरू केली, 'आता ही कायमची' म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांत तिची झोप उडाली. रात्री दोनला उठून ती गॅलरीत बसायची आणि छातीवर हात ठेवून म्हणायची, "धडधडतंय गं." मग मी तिला हार्मोनच्या डॉक्टरांकडे, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी १४ पानं शांतपणे चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "ही तपासणी कशासाठी केली होती?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्यापाशी उत्तर नव्हतं. घरी येऊन मी बिल काढून पाहिलं. त्यावर तपासणीचं नाव होतं, दर होता, सूट होती, नमुना घेतल्याची वेळ मिनिटासकट होती. तपासणी का केली, हा रकाना नव्हता. त्या दिवसापासून मी आमच्या घरातली आणि नात्यातली या तपासणीची बिलं जमवायला लागले. हा लेख त्यातून आला आहे.

*

टीएसएच म्हणजे काय, हे आमच्यासारख्या उपनगरातल्या इमारतीत राहणाऱ्याला समजावणं सोपं आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी हा खालचा पंप समजा. तो टी-फोर आणि टी-थ्री ही हार्मोन्स शरीरभर पोचवतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी आहे, ती टाकीवर नजर ठेवणारा वॉचमन. पाणी कमी झालं की तो पंपाच्या नावाने हाक मारतो. टीएसएच ही ती हाक. पंप थकला की हाक मोठी होत जाते, म्हणून टीएसएच वाढतं. पंप बेफाम चालत सुटला की वॉचमन गप्प बसतो, टीएसएच जवळपास शून्यावर येतं.

या वॉचमनचा कान फार तिखट असतो. रक्तातलं टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभरपटीच्या आसपास चढू शकतं. म्हणून टी-फोर अजून सीमेच्या आत असतानाच टीएसएच बदल दाखवतं, आणि म्हणूनच थायरॉइडची शंका असेल तर बहुतेक वेळा पहिली तपासणी एवढी एकच पुरते. ती बिघडलेली निघाली तर फ्री टी-फोर, गरज असेल तर अँटिबॉडी. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१५मध्ये हेच लेखी सांगितलं आहे: संशय आल्याबरोबर एकदम अनेक तपासण्या मागू नका, आधी टीएसएच. तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने त्याआधीच सांगून ठेवलं होतं की कमी थायरॉइडसाठी गोळी घेणाऱ्याचा डोस ठरवायला टी-थ्री मोजू नये, आणि केवळ रक्ताचा रिपोर्ट बिघडला म्हणून गळ्याची सोनोग्राफी सरसकट करू नये. माझ्याकडच्या अकरा बिलांपैकी आठ बिलांवर टी-थ्री आहे. आठातला एकही माणूस थायरॉइड वाढल्याचा रुग्ण नव्हता.

वॉचमनचा कान तिखट, हेच त्याचं बळ आणि हीच अडचण. टीएसएच रात्री उशिरा आणि पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. आजारपणात हलतं. वय वाढेल तसं निरोगी माणसातही थोडं वर सरकतं, म्हणून ऐंशीच्या पुढच्या आजोबांना तिशीच्या मुलाची सीमा लावणं बरोबर नाही. पण रिपोर्टवर बहुतेक वेळा सगळ्या प्रौढांना मिळून एकच सीमा छापलेली असते आणि संगणक त्या सीमेबाहेरचा आकडा लाल करतो.

त्या सीमेचाही एक हिशोब आहे, तो रुग्णांना कुणी सांगत नाही. निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात, ते आकडे 'नॉर्मल' म्हणून छापायचे, ही जगभरची रीत. म्हणजे धडधाकट माणसांतले ५ टक्के मुळातच बाहेर पडणार. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका निरोगी माणसावर केल्या तर सगळ्या सीमेत येण्याची शक्यता १००त ३६. अशा ६० केल्या तर १००त पाचसुद्धा नाही. पॅकेजमधल्या तपासण्या एकमेकींशी थोड्याफार जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात गणित इतकं कडक नसतं, पण दिशा तीच. ६४ तपासण्यांच्या रिपोर्टवर एक तरी लाल अक्षर सापडणं हे आजारापेक्षा गणिताने जास्त ठरतं. आईचं ५.९ त्या गणितातून आलं होतं.

*

ही तपासणी मुंबईत रुजली कशी, ते सांगायला हवं. ती गोष्ट अभिमानाची आहे.

रक्तातलं हार्मोन इतकं कमी असतं की साध्या रसायनांनी ते मोजता येत नसे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी वाट काढली. किरणोत्सर्गी खूण लावलेलं हार्मोन आणि रुग्णाचं हार्मोन यांना एकाच अँटिबॉडीसाठी झगडायला लावायचं, आणि खूण लावलेलं किती मागे राहिलं यावरून रुग्णाचं किती होतं ते काढायचं. रेडिओइम्युनोअसे, आरआयए. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२मध्ये गेले, यॅलोबाईंना १९७७मध्ये नोबेल मिळालं.

किरणोत्सर्गी द्रव्यं लागणारी तपासणी भारतात स्वाभाविकपणे अणुशक्ती खात्याच्या दारात आली. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून परळला, टाटा रुग्णालयाच्या शेजारी चालू आहे, आणि थायरॉइड हा त्याचा मोठा विषय. पुढे वाशीच्या 'ब्रिट'ने, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीने, टी-थ्री, टी-फोर, टीएसएच मोजायचे देशी संच प्रयोगशाळांना पुरवले. परळलाच वाडिया रुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी १९८०च्या दशकात नवजात बाळांचं रक्त गाळणकागदावर टिपून थायरॉइडची तपासणी करायला सुरुवात केली. जन्मतः थायरॉइड नसलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळी मिळाली तर त्याची बुद्धी वाचते. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. ही एक तपासणी अशी आहे, जी कुणीही, कुठल्याही कारणाने टाळू नये.

त्याच अणुसंशोधन केंद्रात कोइंबतूरजवळच्या खेड्यातून आलेले ए. वेलुमणी नोकरीला होते. त्यांनी थायरॉइडवरच पीएचडी केली, सरकारी नोकरी सोडली आणि १९९६मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून भायखळ्याला लहानशा जागेत थायरॉइड तपासणी सुरू केली. टीएसएच थंड ठेवलं तर काही दिवस टिकतं. म्हणजे रक्त रुग्णाच्या गावात काढा, विमानाने मुंबईला आणा आणि एकाच मोठ्या यंत्रावर हजारोंनी तपासा. या एका गुणावर 'थायरोकेअर' उभी राहिली, नंतर तुर्भ्याला गेली. तपासणीचा दर खाली आला, आणि जिथे हार्मोन तपासायची सोय कुणी पाहिली नव्हती अशा तालुक्याच्या गावांत ती पोचली. हे मोठं काम झालं, याबद्दल मला शंका नाही.

आज आपली उपनगरं प्रयोगशाळांची पेठ आहेत. विद्याविहारला कोहिनूर मॉलमध्ये मेट्रोपोलिसची मोठी प्रयोगशाळा, गोरेगावला एस. व्ही. रोडवर पूर्वीची एसआरएल आणि आताची अजिलस, अंधेरीत १९९४ची सबर्बन डायग्नॉस्टिक्स. २०२१मध्ये फार्मइझीच्या कंपनीने थायरोकेअरचा ६६.१ टक्के वाटा ४,५४६ कोटी रुपयांना घेतला, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या डॉ. लाल पॅथलॅब्सने सबर्बन घेतली. रक्ताच्या नळीत आता शेअरबाजाराचा पैसा आहे. कंपनीला दर तिमाहीला 'दर रुग्णामागे तपासण्या किती' हे गुंतवणूकदारांना दाखवावं लागतं, आणि तो आकडा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे पॅकेज.

*

माझ्याकडच्या बिलांवर एकट्या टीएसएचचा दर ३५० आहे, टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच अशा तिघांच्या 'थायरॉइड प्रोफाइल'चा ६००, घरी येण्याचे वेगळे १००. तीन तपासण्या दुपटीहून कमी पैशात मिळतात म्हटल्यावर कुणालाही तिन्ही घ्याव्याशा वाटतात. पण दर असा का, ते समजून घ्या. मोठं यंत्र अनेकदा प्रयोगशाळेला विकत घ्यावंच लागत नाही. यंत्राची कंपनी ते बसवून देते आणि ठरावीक रसायनं घेण्याचा करार करते. त्यामुळे यंत्र जितकं फिरेल तितकं परवडतं. खरा खर्च आहे तो सकाळी बेल वाजवणाऱ्या त्या मुलाचा, जागेच्या भाड्याचा, पेटी पोचवण्याचा आणि जाहिरातीचा. एकदा सुई टोचली, बारकोड लागला की चौथी, दहावी, चाळिसावी तपासणी प्रयोगशाळेला फार स्वस्तात पडते. पॅकेजची सूट या गणितातून येते. सूट खरी असते. ६० टक्के कमी केलेला तो मूळ दर मात्र मला बाजारात कुणी भरलेला आढळला नाही.

दुसरा खर्च बिलावर कधीच छापला जात नाही. त्याला सगळे 'कट' म्हणतात. गल्लीतलं कलेक्शन सेंटर मोठ्या प्रयोगशाळेला घाऊक दराने नमुना पाठवतं, रुग्णाकडून किरकोळ दर घेतं, आणि मधल्या पैशातला एक हिस्सा चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे जाऊ शकतो. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणं-घेणं स्पष्टपणे निषिद्ध आहे. विंचूदंशावरच्या संशोधनाने जगभर ओळखले गेलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना २०१३मध्ये एमआरआयसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल पुण्याच्या एका केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश घरपोच आला. त्यांनी तो खिशात घातला नाही, वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. २०१७मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार झाला. कायदा झाला नाही. ज्या डॉक्टरांनी आयुष्यभर एक पैसा घेतला नाही, असे डॉक्टर घाटकोपर-मुलुंडच्या गल्ल्यांत मी लहानपणापासून पाहिले आहेत. कायदा नसल्याने सगळ्यात मोठा अन्याय त्यांच्यावर होतो, कारण रुग्ण सगळ्यांकडेच संशयाने बघायला लागतो.

प्रयोगशाळांचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये सांगितलं की रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांसाठी १९४९चा कायदा आहे, २०२१च्या नियमांनी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायला सांगितलं. खाटा नसलेली प्रयोगशाळा त्या चौकटीत येत नाही. प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएल या मंडळाची मान्यता ऐच्छिक. तेव्हा रिपोर्टच्या तळाशी कुणाची सही आहे, त्यांची पदवी काय आणि नोंदणी क्रमांक छापलाय का, हे रुग्णानेच पाहायचं.

बिलाचा शेवटचा प्रश्न, हे पैसे परत मिळतात का? बहुतेक वेळा नाही. तपासणीवर जीएसटी नसतो, एवढा दिलासा. मेडिक्लेम साधारणपणे भरती झालेल्या माणसाचा. भरतीच्या आधी ठरावीक दिवसांत त्याच आजारासाठी केलेली तपासणी धरली जाते, पण नुसत्या तपासण्यांसाठी कुणी भरती झालं तर ते विमा नियामकाच्या ठरावीक अपवादांत बसतं आणि दावा फेटाळला जातो. कलम ८० डी खाली जुन्या करपद्धतीत प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजा मिळत आले आहेत, तेही एकूण मर्यादेच्या आत, आणि ते रोखीने भरले असले तरी. मार्च महिन्यात पॅकेजची जाहिरात जास्त दिसते, त्यामागे ही सवलत आहे.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याच्या सासूबाईंच्या टीएसएचचं बिल त्याने मला दाखवलं. तपासणीला एक आकडा, ८४४४३. त्याच्या शेजारी दुसरा आकडा, ई०३.९, म्हणजे थायरॉइड कमी असल्याचं निदान. हा दुसरा आकडा नसेल तर ज्येष्ठांची सरकारी मेडिकेअर योजना पैसे देत नाही. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णासाठी वर्षातून साधारण दोन वेळा ती ही तपासणी मान्य करते. पैसे मिळणार नाहीत असं वाटलं तर प्रयोगशाळेने रुग्णाला आधी लेखी कळवून सही घ्यायची. अमेरिकेतली बिलं किती भयंकर असतात, हे तिकडे राहणाऱ्या कुठल्याही मराठी घराला विचारा. ती पद्धत इथे यावी असं मी म्हणणार नाही. पण त्या बिलावर 'का' हा रकाना होता, हे मी विसरू शकत नाही.

*

बोरिवलीच्या माझ्या भाचीचं बिल या सगळ्यांत मोठं, आणि सगळ्यांत विनाकारण. वय २६, केस गळतात म्हणून तिने स्वतःच ऑनलाइन मागवून गोळ्या सुरू केल्या होत्या. केसांसाठी तपासणी करावी म्हणून केली, तर टीएसएच ०.०३ आणि फ्री टी-फोर सीमेच्या वर. कागदावर थायरॉइड बेफाम वाढल्याचं सरळ चित्र. तिची आई घाबरून रात्रभर झोपली नाही. मग अँटिबॉडी, गळ्याची सोनोग्राफी, पुन्हा दुसऱ्या ठिकाणी तीच तपासणी. सहा हजारांच्या आसपास गेले.

पोरीचा हात थरथरत नव्हता, वजन कमी झालं नव्हतं, नाडी ७४ होती. हार्मोनच्या डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि विचारलं, "केसांसाठी काही घेतेस का?" तिने पर्समधून डबी काढली. बायोटिन, १० मिलिग्रॅम. शरीराला दिवसाला लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम. ही गोळी त्याच्या तीनशेपटीहून जास्त.

झालं होतं ते यंत्रात. अनेक यंत्रं हार्मोनला पकडून ठेवायला बायोटिनचाच खिळा वापरतात. रक्तात बायोटिनचा पूर असला की खिळे आधीच भरून जातात. टीएसएच मोजायच्या पद्धतीत त्याने आकडा खोटा खाली येतो, आणि टी-फोर मोजायच्या उलट पद्धतीत खोटा वर जातो. दोन्ही चुका मिळून एक हुबेहूब आजार कागदावर उभा राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये याची सूचना काढली होती; तिथे हृदयविकाराच्या एका तपासणीत असाच खोटा कमी आकडा आल्यानंतर एक रुग्ण दगावल्याची नोंद झाली होती. भाचीने गोळी बंद केली, आठवड्याने फक्त टीएसएच केलं. २.१.

रक्त घ्यायला आलेल्या कुणीही तिला 'कुठल्या गोळ्या चालू आहेत' असं विचारलं नव्हतं. फॉर्मवर त्याची जागा होती, कोरी राहिली होती.

*

आता ताईंबद्दल. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या या ताई भांडुपला राहतात, वय ३८. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, मुंबई उकडून निघत असताना, त्या स्वेटर घालून आल्या. आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा. पोळी लाटता लाटता ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नव्हती. त्या म्हणायच्या, "ताई, आळस भरलाय अंगात." घरच्यांनीही त्याला आळसच म्हटलं होतं.

घाटकोपरच्या राजावाडीत त्यांना घेऊन गेले. केस पेपर, रांग, दोन तास. ओपीडीतल्या तरुण डॉक्टर मुलीने गुडघ्याखाली हातोडी मारून पाय किती हळू परत येतो ते पाहिलं, आणि केस पेपरवर चार शब्द लिहिले: थंडी, सूज, घोगरा आवाज, जास्त पाळी. खाली एकच तपासणी, टीएसएच. रिपोर्टवर आकडा नव्हताच. 'शंभरहून जास्त' एवढंच होतं, कारण यंत्र त्यापुढे मोजत नव्हतं.

अंधेरी-पार्ल्याचं कूपर, बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अग्रवाल, घाटकोपरचं राजावाडी, ही महापालिकेची उपनगरी रुग्णालयं. केईएमपर्यंत जायला ज्यांचा दिवस बुडतो, त्यांचा सगळा आधार इथे. पालिकेने २०१९पासून 'आपली चिकित्सा' योजनेत रक्ततपासण्या बाहेरच्या प्रयोगशाळेकडून नाममात्र दरात करून द्यायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबर २०२२पासून हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना सुरू झाले, तिथे तपासण्या मोफत आहेत. ज्या बाईच्या टीएसएचचा आकडा यंत्रात मावत नाही, तिच्या घराजवळ अशी खिडकी असणं किती मोलाचं, ते मी त्या वर्षी पाहिलं.

मुंबईसह देशातल्या आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची पाहणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली, तीत थायरॉइड कमी असलेले १०.९५ टक्के निघाले. म्हणजे आजार खरा आहे, मोठा आहे, आणि बायकांत जास्त आहे. गरोदरपणात तो सापडला नाही तर आई आणि बाळ दोघांचं नुकसान होतं. आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१४मध्ये जोखीम असलेल्या गरोदर बायकांची तपासणी करावी अशा सूचना काढल्या आहेत. आईच्या ६४ तपासण्यांवर मी रागावते ती याच कारणाने. तीच सुई, तेच यंत्र, तोच तंत्रज्ञाचा वेळ या बाईसाठी हवा आहे.

ताईंची गोळी साधी आहे. लेव्होथायरॉक्सिन, सरकारी दरनियंत्रणाखालची, एक गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त. अट एकच, रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. पहाटे पाचला उठून सहाला घर सोडणाऱ्या बाईला ही अट किती जड जाते, ते गोळी लिहून देणाऱ्याला कळत नाही. ताईंनी तोडगा काढला. नळाला पाणी यायच्या आधी, साडेचारला गोळी घ्यायची आणि पाणी भरून झालं की चहा. लोहाची गोळी रात्री, कारण ती थायरॉइडच्या गोळीजवळ घेतली तर दोघींचं भांडण होतं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच, त्याआधी नाही. वॉचमनला नव्या पाण्याचा अंदाज यायला तेवढा वेळ लागतो.

त्यांच्या केस पेपरची घडी प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाच्या मागे असते. मागच्या महिन्यात त्यांनी ती मला उलगडून दाखवली. एकाखाली एक आकडे: शंभरहून जास्त, ३८, ११, ३.२. प्रत्येकापुढे तारीख. आवाज आता मोकळा झालाय. पोळ्या लाटताना त्या गुणगुणतात.

*

आईची गोळी हार्मोनच्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. ६५च्या पुढच्या ७३७ माणसांवरचा युरोपातला प्रयोग २०१७मध्ये प्रसिद्ध झाला होता. आईसारखंच थोडं वाढलेलं टीएसएच असणाऱ्यांना गोळी देऊन थकवा किंवा बाकी त्रास काही कमी झाला नाही. दोन वर्षांनी बीएमजे या नियतकालिकात तज्ज्ञांनी अशा बहुतेक प्रौढांना गोळी देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. गरोदर आणि गर्भधारणेच्या तयारीतल्या बायका, फारच वाढलेला आकडा, तीव्र त्रास, अगदी तरुण वय, हे अपवाद ठेवून. हे सगळं डॉक्टरांनी आईला सोप्या शब्दांत सांगितलं, पंधरा मिनिटं दिली. दोन महिन्यांनी गोळीशिवाय टीएसएच ४.९ आलं. झोप तर त्याआधीच परत आली होती. ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यासमोर १४ पानं, लाल अक्षर आणि बाहेर वीस माणसं बसलेली होती.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला. दिवाळी ऑफर, ८२ तपासण्या, पती-पत्नीला एकत्र घेतल्यास आणखी सूट, सोबत थायरॉइड प्रोफाइल मोफत. संध्याकाळपर्यंत सोळा जणांनी अंगठा दाखवला होता. आईने फोन बाजूला ठेवला आणि भिंतीवरचं कालनिर्णय उलटलं. दुधाच्या आणि इस्त्रीच्या हिशोबाखाली तिने पट्टीने तीन उभ्या रेघा ओढल्या. पहिल्यात तपासणी, दुसऱ्यात महिना. तिसऱ्यावर तिने 'का' असं लिहिलं.

साखर, जानेवारी, बाबांकडून आलेली आहे म्हणून. टीएसएच, पुढचा श्रावण, डॉक्टर म्हणाले वर्षाने एकदा, तेवढंच.

"आणि हे बाकीचे ऐंशी?" मी विचारलं.

तिने पेन बंद केलं. "त्यांच्यापुढे मला काही लिहिता येईना गं."